शिलावर्तुळे, विदर्भातील
विदर्भातील लोहयुगीन दफनांभोवती रचलेली मोठ्या दगडांची वर्तुळे. महापाषाणीय संस्कृतीच्या या खुणा नागपूर जिल्ह्यात विशेष दाट आहेत. जुनापाणी, माहूरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड ही त्यांतील प्रमुख स्थळे. काळ साधारणतः इ. स. पू. १००० ते ३००.

मृताचे अवशेष, काळी-तांबडी भांडी आणि लोखंडी हत्यारे ठेवल्यावर वर काळी माती व गोट्यांचा भराव घालत आणि भोवती काळ्या पाषाणाच्या शिळा लावत. भरावामुळे मध्यभाग किंचित उंच दिसतो. जुनापाणीच्या काही शिळांवर वाटीएवढे खळगे कोरलेले आहेत. ते ओळीने असल्याने ओळखू येतात, पण त्यांचा अर्थ उलगडलेला नाही. काही दफनांत घोड्याची हाडे मिळाली. माहूरझरीला तर घोड्याच्या तोंडावर बांधायचे तांब्याचे अलंकारही सापडले. घोड्याला या लोकांत केवढा मान होता, हे त्यावरून कळते.

जुनापाणीत सुमारे ३०० वर्तुळे आहेत. १८६७ मध्ये रिव्हेट-कार्नाक या ब्रिटिश अधिकाऱ्याने तिथली काही वर्तुळे उकरली. पद्धतशीर उत्खनन १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बा. कृ. थापर यांनी केले. पुढे शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा, माहूरझरी आणि नायकुंड येथे काम केले.

जुनापाणीची वर्तुळे केंद्र-संरक्षित आहेत. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई असून त्यापुढील २०० मीटरमध्ये परवानगी लागते. मात्र असंख्य वर्तुळे शेतात, पडीक रानात, संरक्षित स्मारकांच्या यादीबाहेर आहेत. नांगरट, मुरुमाचे खोदकाम, बांधकामासाठी शिळा उचलून नेणे आणि गुप्तधनाच्या आशेने केलेली खोदाई यांचा धोका त्यांनाच सर्वाधिक. शिळा पुन्हा जागेवर बसवता येते. विस्कटलेला भराव मात्र कायमचा मुका होतो, कारण कोणती वस्तू कोणत्या थरात, कशाशेजारी होती यावरच सारा अर्थ अवलंबून असतो.

संरक्षणाची हद्द आखताना दफन करणाऱ्या लोकांच्या जवळच्या प्राचीन वस्तीची जागाही त्यात घ्यायला हवी. नायकुंडची लोखंड गाळण्याची भट्टी दफनभूमीत नव्हे, वस्तीच्या जागेत सापडली.