भूकंप खडक फोडल्याने की पाणी जमिनीत ढकलल्याने?

फ्रॅकिंगचा, म्हणजे दाबाने पाणी सोडून खडक फोडण्याचा आणि त्यातला वायू काढण्याचा, विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: जमिनीच्या पोटातले खडक फोडत सुटलं तर भूकंप होणारच. हे अर्धंच बरोबर आहे. भूकंप होतात, घरांना तडे पाडणारेही होतात. पण अमेरिकेत तेल-वायूच्या विहिरींमुळे झालेले मोठे भूकंप बहुतांशी खडक फोडताना झालेले नाहीत. विहिरीतून वर आलेलं खारं पाणी विल्हेवाटीसाठी पुन्हा जमिनीत ढकललं गेलं, तेव्हा ते झाले. मूळ कारण चुकलं तर उपायही भलत्याच जागी होतो, म्हणून हा फरक नीट समजून घ्यायला हवा.

शेल म्हणजे चिखलाचे थर दाबले जाऊन बनलेला खडक. त्यात मिथेन असतो, पण छिद्रं इतकी बारीक आणि तुटक असतात की वायू जागचा हलत नाही. त्यामुळे दोन-तीन किलोमीटर खाली गेल्यावर विहीर आडवी वळवतात, तिच्या पोलादी नळीला भोकं पाडतात आणि पाणी, वाळू व थोडी रसायनं प्रचंड दाबाने आत सोडतात. खडकाला बारीक भेगा पडतात, वाळूचे कण त्या मिटू देत नाहीत आणि वायू वाहू लागतो. एका विहिरीला कोटभर लिटरहून अधिक पाणी लागतं. भेग पडताना हादरा बसतोच, पण त्याची तीव्रता सहसा शून्याच्याही खाली, उणे १ च्या आसपास असते. तीव्रतेचा आकडा १ ने वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. ३ सप्टेंबर २०१६ ला ओक्लाहोमातल्या पॉनी गावाजवळ ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला. उणे १ च्या हादऱ्याच्या तुलनेत त्याची ऊर्जा दीड हजार कोटी पट भरते!

मग एवढा मोठा भूकंप आला कुठून? ऊर्जा तिथे आधीपासूनच होती. भूकवचात जुने भ्रंश असतात, म्हणजे खडक तुटून सरकल्याच्या खुणा. त्यांच्या दोन बाजूंना भूगर्भातलं बल सतत सरकवू पाहतं आणि घर्षण त्यांना धरून ठेवतं. आता थोडं शाळेतलं भौतिकशास्त्र. घर्षण हे दोन पृष्ठभाग एकमेकांवर किती दाबले गेलेत यावर ठरतं. तीन किलोमीटर खोलीवर वरच्या खडकाचा भार सुमारे ७५० वातावरणांइतका असतो (एक वातावरण म्हणजे समुद्रसपाटीवरचा हवेचा दाब). पण खडकाच्या छिद्रांत आणि भ्रंशाच्या फटीत पाणी असतं, आणि तेही सुमारे ३०० वातावरणांच्या दाबाने दोन्ही बाजूंना ढकलत असतं. म्हणजे फट घट्ट मिटवणारा खरा दाब उरतो ४५०. घर्षणाचा गुणांक ०.६ धरला तर पकड २७० ची. वरून पाणी भरून छिद्रांतला दाब ३१० केला की पकड २६४ वर येते. खडक तोच, भार तोच, भ्रंश सरकवू पाहणारं बलही तेच. फक्त पकड सैल झाली. (हे गणित आडव्या प्रतलाचं आहे. तिरप्या भ्रंशासाठी दाबाची विभागणी कोनानुसार करावी लागते, पण वजाबाकी हीच.) काही भ्रंश मुळातच निसटण्याच्या बेतात असतात. त्यांना दोन-चार वातावरणांची वाढसुद्धा पुरते.

पाणी वंगणासारखं काम करतं, असं अनेक ठिकाणी लिहिलेलं असतं. ते चूक आहे. जड कपाट सरकवताना कुणी ते किंचित उचलून धरलं की सहज सरकतं. फरशी तेलकट असावी लागत नाही. पाण्याचा दाब करतो ते हेच.

हे कळलं ते फ्रॅकिंगच्या लाटेच्या कितीतरी आधी. डेन्व्हरजवळच्या रॉकी माउंटन आर्सेनल या लष्करी कारखान्याने १९६२ पासून आपलं रासायनिक सांडपाणी ३,६०० मीटरहून खोल विहिरीत सोडायला सुरुवात केली आणि परिसर हादरू लागला. १९६६ मध्ये पाणी सोडणं थांबवलं, तरी सर्वांत मोठे धक्के १९६७ मध्ये बसले. कारण दाब खडकातून हळूहळू पसरत जातो: अंतर दुप्पट झालं तर लागणारा वेळ साधारण चौपट. विहीर बंद झाली तरी दाबाची लाट दूरच्या भ्रंशाकडे सरकतच होती. पुढे १९६९ ते १९७३ या काळात कोलोरॅडोतल्याच रेंजली तेलक्षेत्रात शास्त्रज्ञांनी मुद्दाम प्रयोग केला. पाणी भरलं की भूकंप वाढले, उपसलं की थांबले. कोणत्या दाबाला भ्रंश सरकेल हे त्यांनी खडकाच्या घर्षणावरून काढलं होतं, सुमारे २५७ बार (एक बार म्हणजे जवळपास एक वातावरण), आणि निरीक्षणं त्याच्याशी जुळली. ग्रहांच्या युतीवरून भूकंपाचं भाकीत करणाऱ्यांनी असा एक तरी प्रयोग दाखवावा. कारण हातात धरून कमी-जास्त केलं आणि परिणामही तसाच बदलला, यालाच पुरावा म्हणतात.

ओक्लाहोमात २००८ च्या आधी ३ पेक्षा जास्त तीव्रतेचे भूकंप वर्षाला एक-दोन होत. २०१५ मध्ये ते जवळपास ९०० झाले. तिथे जमिनीत सोडलेल्या पाण्यात फ्रॅकिंगचं पाणी थोडंच होतं. बहुतेक पाणी तेल-वायूबरोबर वर येणारं, कोट्यवधी वर्षं गाडलेलं, समुद्राहून खारट पाणी होतं. ते आर्बकल नावाच्या चुनखडीच्या थरात सोडलं जाई, आणि त्या थराच्या खालीच भ्रंशांनी भरलेला कठीण पायाखडक आहे. नियामकांनी पाण्याचं प्रमाण कमी करायला लावल्यावर आकडा वर्षागणिक उतरत गेला. खुद्द फ्रॅकिंगमुळेही जाणवणारे धक्के बसल्याची उदाहरणं आहेत. इंग्लंडमध्ये ब्लॅकपूलजवळ २०११ मध्ये २.३ आणि ऑगस्ट २०१९ मध्ये २.९ तीव्रतेचा धक्का बसला आणि त्याच नोव्हेंबरात सरकारने तिथलं फ्रॅकिंग थांबवलं.

पिण्याच्या पाण्याच्या बाबतीतही संशयाची पहिली जागा खोलवरची भेग नव्हे. शेल आणि वापरातलं भूजल यांच्यामध्ये बहुधा किलोमीटर-दोन किलोमीटर खडक असतो. पण विहीर भूजलाच्या थरातूनच खाली उतरते, आणि नळीभोवतीचं सिमेंट कच्चं राहिलं तर मिथेनला वर यायला वाट मिळते. शिवाय वर सांडलेलं सांडपाणी आहेच. आरोग्याचा प्रश्न मला याहून गंभीर वाटतो. पेनसिल्व्हेनियातल्या अकरा लाखांहून अधिक जन्मांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. विहिरीपासून एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मातांची बाळं कमी वजनाची निघण्याचं प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी जास्त आढळलं. विहिरीवरच्या कामगारांच्या छातीत वाळूची सिलिका धूळ जाते, ती वेगळीच. शेल वायू कोळशापेक्षा स्वच्छ, ही जाहिरातही तपासून घ्यावी. जळताना तो कमी कार्बन डायऑक्साइड सोडतो हे खरं, पण न जळता गळलेला मिथेन वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशी पट तापवतो. अमेरिकेतली गळती उत्पादनाच्या सुमारे २.३ टक्के असल्याचा अंदाज २०१८ मध्ये मांडला गेला.

नुकसान सोसणारा आणि पैसे मिळवणारा एकच नसतो, ही त्यातली सामाजिक बाजू. अमेरिकेत जमिनीखालच्या खनिजांचा हक्क जमिनीपासून वेगळा विकता येतो. त्यामुळे अंगणाशेजारी विहीर खोदली जाते आणि घरमालकाला त्यातली दमडीही मिळत नाही. धुराड्याच्या विटा मात्र त्याच्या कोसळतात, आणि नेहमीच्या घरविम्यात भूकंप धरलेला नसतो. दाद मागायची तर कुणाकडे? एका थरात अनेक कंपन्यांच्या विहिरी पाणी सोडतात, त्यांचे दाब खाली एकत्र होतात, आणि भ्रंश सरकतो तो त्या बेरजेने. ओक्लाहोमाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये असे दावे जिल्हा न्यायालयात चालवायला मोकळीक दिली. तिथे फिर्यादीला सिद्ध करावं लागतं की अमुक विहिरीचं पाणी, अमुक महिन्यांत, अमुक अंतर कापून त्या भ्रंशापर्यंत पोहोचलं. त्यासाठी लागणारे रोजच्या पाण्याचे आणि दाबाचे आकडे आधी कंपनीने नोंदवलेले असावे लागतात.