शेताची माहिती कोणाच्या नावावर? : पार्श्वभूमी

शेताची माहिती लिहून ठेवायची सवय आपल्याकडे महसूल खात्याने लावली. १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यात नवी सारापद्धत आली, पुढे १९०३ च्या कायद्याने हक्कनोंद, म्हणजे जमिनीवर कोणाचा हक्क याची नोंद, सुरू झाली. हेतू सारावसुलीचा होता. शेतकऱ्याला त्या नोंदींतून सल्ला मिळावा असं तेव्हा कोणाच्या मनात नव्हतं.

या माहितीला बाजारात किंमत असते हे द्राक्षाने दाखवलं. २००३ मध्ये कीडनाशकांच्या अंशांमुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली आणि २००६ पासून ग्रेपनेट ही निर्यातीच्या द्राक्षांची नोंदणी व्यवस्था आली. निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंदणी, फवारण्यांची नोंद, प्रयोगशाळेचा अहवाल, पेटीवरून थेट बागेपर्यंत माग. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढ रोखणाऱ्या रसायनाने पुन्हा घात केला, कारण ते तपासणीच्या यादीतच नव्हतं. त्या वर्षीचा तोटा बागायतदारांनी सोसला. तरीही हा व्यवहार समजण्याजोगा होता : आपण काय देतो आणि बदल्यात काय मिळतं, दोन्ही दिसत होतं.

२०१७ पासून महावेध प्रकल्पात महसूल मंडळांमध्ये स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली, दोन हजारांहून अधिक. फळपीक विम्याची भरपाई अशा संदर्भ केंद्राच्या आकड्यावर ठरते. बागायतदाराने स्वतःच्या पैशाने बागेत यंत्र बसवलं, त्यात पारा उतरल्याची नोंद झाली, तरी विम्याच्या हिशेबात ती धरत नाहीत. त्याच नोंदींवर एखादी कंपनी मात्र रोगाचा अंदाज बांधणारं सॉफ्टवेअर सुधारून घेऊ शकते. शेतकऱ्याच्या माहितीची किंमत इथे दुसऱ्याच्या हिशेबात जमा होते. अमेरिकेत २०१४ मध्ये आणि युरोपात २०१८ मध्ये शेतकरी संघटना आणि कंपन्यांनी याबाबत आचारसंकेत ठरवले. तेही ऐच्छिकच.

आपल्याकडचा वाद पेटला २०२१ मध्ये. एप्रिलमध्ये केंद्राने एका बड्या तंत्रज्ञान कंपनीशी सहा राज्यांतल्या १०० गावांत शेतकऱ्यांच्या माहितीवर आधारलेल्या प्रायोगिक प्रकल्पाचा करार केला. शेतकऱ्यांच्या एकत्रित माहितीसाठ्याचा, म्हणजे ॲग्रीस्टॅकचा, विचारपत्र-मसुदा जूनमध्ये आला. आधी करार आणि मग चर्चा, हा क्रम अनेक संघटनांना खटकला आणि तो खटकायलाच हवा होता. माहिती संरक्षणाचा कायदा तेव्हा नव्हता. तो ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. दरम्यान १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी, म्हणजे पिकाची मोबाईलवरून नोंद, सुरू झाली, सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने २,८१७ कोटींचं डिजिटल कृषी अभियान मंजूर केलं आणि १५ एप्रिल २०२५ पासून महाराष्ट्राने कृषी योजनांसाठी फार्मर आयडी, म्हणजे शेतकरी ओळख क्रमांक, बंधनकारक केला.

सगळ्यात जास्त गुंता या आयडीच्या मुळाशी आहे. तो आधार आणि सातबाऱ्याला जोडलेला आहे, म्हणजे ज्याच्या नावावर जमीन तो शेतकरी. प्रत्यक्षात जमीन कसायला दुसऱ्याकडे जाते, विदर्भात ठेक्याने, मराठवाड्यात बटईने, पश्चिम महाराष्ट्रात खंडाने किंवा वाट्याने, आणि बहुतेक ठिकाणी तोंडी बोलीवर. त्याला कारण जुनं आहे. कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी जमीन कसणाऱ्या कुळाला मालक मानलं. त्या कायद्याने हजारो घरांना जमीन दिली, पण मालकांच्या मनात ‘कूळ लागेल’, म्हणजे कसणारा मालकी सांगेल, ही भीतीही कायमची बसवली. तेव्हापासून कसणाऱ्याचं नाव कागदावर येऊ न देण्याची दक्षता घेतली जाते. २०१६ मध्ये केंद्रीय पातळीवरून भाडेपट्ट्याच्या आदर्श कायद्याचा मसुदा आला, तरी ही भीती हटली नाही. पीकविम्यात भाड्याने कसणाऱ्याला जागा आहे, पण करार नोंदणीकृत हवा, आणि मालक त्यावर सही करायला तयार होत नाही. शेतात राबणाऱ्या, पण सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बायकांचीही हीच गत.

परिणामी बियाणं, खतं, फवारणी, उत्पादन ही माहिती ज्याच्या कष्टातून तयार होते तो नोंदीत नाही. शहरात राहणारा मालक मात्र आयडीधारक. आयडीच्या अर्जात माहिती वापरायला संमती द्यावी लागते. अनुदान, विमा आणि भरपाई त्या आयडीवर अवलंबून असताना कोण नाही म्हणेल? अशा संमतीला मोकळी संमती म्हणणं धाडसाचं आहे. कसणाऱ्यांना नोंदवायचं की नाही हे केंद्राने राज्यांवर सोडलं आहे. आयडी सक्तीचा करण्याआधी राज्याने तो निर्णय घ्यायला हवा होता.

जून २०२५ मध्ये राज्याने कृषी क्षेत्रातल्या कृत्रिम बुद्धिमत्तेचं धोरण मंजूर केलं. पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटींची तरतूद आहे आणि शेतीच्या माहितीची देवाणघेवाण करणारा मंचही त्यात आहे. बटईच्या रानातली माहिती त्या मंचावर कोणाच्या परवानगीने जाईल? आजच्या रचनेत तरी हा प्रश्न सातबाऱ्यावरच्या नावालाच विचारला जाईल.