प्रकरण ६१ की ६२? आयात कपड्यांच्या वर्गीकरणातील दोन विणी

आपण स्वेटर विणतो आणि पैठणीही विणतो. मराठीत या दोन्ही कामांना एकच क्रियापद पुरते. सीमाशुल्काच्या दरपत्रकाला मात्र ते पुरत नाही, आणि नव्या आयातदाराचा पहिला घोटाळा बहुधा इथेच होतो. सीमाशुल्क दर अधिनियम, १९७५ च्या पहिल्या अनुसूचीत तयार कपडे मुख्यतः दोन प्रकरणांत येतात. निटेड (स्वेटरसारख्या फाशांच्या विणीच्या) किंवा क्रोशाच्या कापडाचे कपडे प्रकरण ६१ मध्ये येतात, तर तसे नसलेल्या, म्हणजे बहुतांशी मागावर विणलेल्या कापडाचे कपडे प्रकरण ६२ मध्ये.

मागावरच्या कापडात उभा ताणा आणि आडवा बाणा एकमेकांना काटकोनात छेदत जातात. निटेड कापडात असे दोन वेगळे धागे असावेच लागत नाहीत. एकच धागा फाशासारखा वळतो, पुढचा फासा मागच्या फाशात अडकतो आणि त्यातून टाक्यांच्या ओळी तयार होतात. भिंगाखाली पाहिल्यास साध्या टीशर्टच्या उजव्या बाजूला इंग्रजी व्हीसारख्या टाक्यांच्या उभ्या रांगा दिसतात, शर्टाच्या पॉपलीनमध्ये बारीक चौकडी दिसते. कापड ताणून केलेली परीक्षा फसवी असते, कारण इलास्टेन हा ताणला जाणारा धागा घातलेली मागावरची जीन्सही चांगली ताणली जाते. याउलट दिसायला हुबेहूब डेनिम, पण कापड निटेड, अशा पँटची जागा प्रकरण ६१ मध्येच असते.

कपड्याचे बाजारातले नाव येथे उपयोगी पडत नाही. प्रत्येक प्रकरणात कपड्यांच्या प्रकारानुसार चार अंकी शीर्षके असतात. पुरुषांचा मागावरच्या कापडाचा शर्ट ६२०५ मध्ये आणि निटेड शर्ट ६१०५ मध्ये जातो. आपण ज्याला सर्रास पोलो टीशर्ट म्हणतो, त्याला कॉलर आणि अर्धी बटणपट्टी असल्यामुळे तो टीशर्टच्या ६१०९ या शीर्षकात बसत नाही; तो साधारणतः ६१०५ मध्ये पाहावा लागतो. तेथेही एक अट आहे. कमरेखाली खिसे असतील, खालच्या कडेला आवळणारी रिबची (उभ्या रेघांच्या ताणल्या जाणाऱ्या विणीची) पट्टी असेल, किंवा १० सेंमी × १० सेंमी तुकड्यावर मोजल्यास प्रत्येक दिशेला सेंटिमीटरमागे सरासरी १० पेक्षा कमी टाके भरत असतील, तर तो कपडा ६१०५ मधून बाहेर पडतो. टाके मोजून शीर्षक ठरवणे अतिरेकी वाटू शकते, पण शर्ट आणि जाडसर पुलओव्हर यांच्यातली सीमा त्याशिवाय पक्की होत नाही, म्हणून मला ही अट योग्यच वाटते.

पुरुषांचा की स्त्रियांचा, हा प्रश्न दोन्ही प्रकरणांत एकाच रीतीने सुटतो. पुढून बंद होणाऱ्या कपड्याची डावी बाजू उजवीवर येत असेल तर तो पुरुषांचा, उजवी डावीवर येत असेल तर स्त्रियांचा मानतात. मात्र कपड्याची बेतणीच स्पष्टपणे वेगळे सांगत असेल, तर ती ग्राह्य धरतात. कशावरूनच ओळख पटत नसेल, तर तो स्त्रियांच्या कपड्यांच्या शीर्षकात टाकतात.

या विभागणीला एक ठळक अपवाद आहे. ब्रेसियर, कॉर्सेट आणि तत्सम वस्तू निटेड असोत वा नसोत, त्या ६२१२ मध्येच येतात. मिश्र कपड्यांत थोडा विचार करावा लागतो. अंग मागावरच्या कापडाचे आणि मनगट, गळा, कंबर येथे निटेड रिब असलेले जॅकेट प्रकरण ६२ मध्ये राहते, कारण ती रिब केवळ जोडपट्टी असते. दोन्ही कापडांचा वाटा मोठा असेल, तर कपड्याला त्याचे मूळ स्वरूप कोणत्या कापडाने दिले हे पाहतात.

तंतूंचा प्रश्न बहुधा यानंतर येतो. ६० टक्के कापूस आणि ४० टक्के पॉलिएस्टर असलेला शर्ट वजनाने कापूस जास्त असल्याने सुतीच ठरतो, पण प्रकरणच चुकले असेल तर तंतूंचे अचूक प्रमाण लिहूनही कोड चुकीचाच राहतो. अनेक कपड्यांवर मूल्याचे ठराविक टक्के किंवा नगामागे ठराविक रुपये, यांपैकी जास्त असेल ते शुल्क लागते, त्यामुळे शीर्षक बदलले की नगामागची रक्कमही बदलू शकते. २०११ पासून स्वयं-मूल्यांकनाची, म्हणजे आयातदाराने स्वतःच शुल्क ठरवण्याची पद्धत असल्याने बिल ऑफ एंट्रीतील (आयात मालाच्या घोषणापत्रातील) वर्गीकरणाची पहिली जबाबदारी आयातदाराचीच असते. शंका खरोखर मोठी असेल, तर माल न्हावा शेवाला लागण्याआधीच सीमाशुल्काच्या मुंबईतील आगाऊ निर्णय प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. एरवी पुरवठादाराकडून इनव्हॉइसवर नीट वर्णन लिहून घेणे पुरते: नुसते ‘पोलो टीशर्ट, कॉटन’ नव्हे, तर ‘पुरुषांचा निटेड शर्ट, १०० टक्के कापूस, कॉलर व अर्धी बटणपट्टी, खाली रिब नाही’.