डभोईची छोटी गाडी आणि ग्वाल्हेरची छोटी गाडी

घर बडोद्याच्या दांडिया बाजारात आणि सोयरीक ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, अशा कुटुंबांत छोट्या गाडीचा जुना फोटो निघाला की वाद ठरलेला. काका म्हणतात बडोद्याजवळची डभोईची, मामी म्हणतात ग्वाल्हेरहून श्योपूरला जाणारी. दोन्ही गाड्या मराठी संस्थानांच्या आणि दोन्ही नॅरोगेज, त्यामुळे घोटाळा होतोच. पण एकीचा डबा दुसरीच्या रुळांवर उभासुद्धा राहिला नसता.

डभोईच्या रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर. ग्वाल्हेरचं दोन फूट, 610 मिलिमीटर. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगायचं तर डभोईची गाडी जुन्या बार्शी लाइटच्या मापाची आणि ग्वाल्हेरची माथेरानच्या. फोटोत डिझेल इंजिन असेल तर काम आणखी सोपं: नावाची सुरुवात झेडने झाली तर अडीच फुटी, एनने झाली तर दोन फुटी. डभोईकडे झेडडीएम-5 धावत, ग्वाल्हेरला एनडीएम-5.

वयातही मोठं अंतर आहे. डभोई–मियागाम ही देशातली पहिली नॅरोगेज, 1862 सालची, खंडेराव गायकवाडांच्या कारकिर्दीतली. मियागाम मुंबई–बडोदा मार्गावर, तिथून डभोई साधारण 32 किलोमीटर. आणि गाडी ओढायला बैल! इंजिनं पुढच्याच वर्षी आणली होती, पण दर यार्डाला, म्हणजे तीन फुटांना, जेमतेम 13 पौंड वजनाचे ते रूळ त्यांचा भार पेलेनात. मग बैलांनीच कित्येक वर्षं ती चालवली. पुढे सयाजीरावांच्या काळात डभोईहून चहूकडे फाटे फुटले आणि ते नॅरोगेजचं मोठं जंक्शन झालं. मला या बैलांच्या गाडीचं फार अप्रूप वाटतं. बडोदेकरांनी ती आणखी अभिमानाने सांगायला हवी.

ग्वाल्हेरची गाडी पुढच्या पिढीची. माधवराव शिंद्यांच्या राज्यात 1899 मध्ये शिवपुरी आणि भिंडच्या लाइनी सुरू झाल्या त्या वाफेच्या इंजिनांवरच. श्योपूरची लाइन 1909 पर्यंत पूर्ण झाली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळजवळ 200 किलोमीटर, तेही दोन फुटी रुळांवर, चंबळच्या मुलखातून. इतकं अंतर दिवसभर रखडत कापणारी आणि टपावरही माणसं भरलेली ही गाडी श्योपूरच्या गावांची खरी गरज होती. शिंद्यांच्या जयविलास महालात जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची आगगाडी मात्र अगदीच वेगळी. ती पाहुण्यांपुढे मद्य आणि सिगार नेणारं खेळणं. तिला या गाडीचं मॉडेल समजू नये.

डभोईला आता ब्रॉडगेज आहे, 2021 पासून एकतानगरच्या (पूर्वीच्या केवडियाच्या) गाड्या तिथूनच जातात. ग्वाल्हेरची छोटी गाडी मार्च 2020 मध्ये थांबली ती थांबलीच; तिथेही ब्रॉडगेजचं काम सुरू झालं. रुंद रूळ लोकांना हवेतच. पण दोन फुटी रुळांचा निदान एखादा तुकडा, चालत्या इंजिनासकट, ग्वाल्हेरमध्ये राखून ठेवलाच पाहिजे.