दिवा मिणमिणतो, वीज लखलखते. इंग्रजीत दोघांचंही ‘शाइन’?

मराठीत उजेडाला किती क्रियापदं आहेत पाहा. दिवा मिणमिणतो, तारा लुकलुकतो, तलवार तळपते, दागिना चकाकतो, वीज लखलखते. ‘वीज मिणमिणली’ असं कुणी म्हटलं तर आपल्याला हसू येईल, इतक्या या छटा पक्क्या आहेत. पण हाच मराठी माणूस इंग्रजीत शिरला की दिवा, तारा, तलवार आणि वीज सगळे एकाच कामाला लागतात : ‘शाइन’. फारच झालं तर ‘व्हेरी ब्राइट’.

म्हणजे छटांची जाण आहे, हाताशी शब्द नाहीत. आणि ते नुसतं वाचत राहिल्याने आपोआप येत नाहीत, यामागे गणित आहे.

कोणत्याही भाषेत थोडे शब्द प्रचंड वापरले जातात आणि बाकीचे क्वचितच. जॉर्ज झिफ या अमेरिकी भाषाभ्यासकाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा नियम प्रसिद्ध केला : सर्वाधिक वापरला जाणारा शब्द दुसऱ्या क्रमांकाच्या शब्दाच्या साधारण दुप्पट वेळा येतो, तिसऱ्याच्या तिप्पट वेळा, आणि ही उतरंड अशीच खाली जाते. इंग्रजीतली पहिली 2,000 शब्दकुलं (एक मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपं मिळून एक कुल) साध्या लेखनाचा सुमारे 80 टक्के भाग व्यापतात. पण शब्दसंपदेचे अभ्यासक पॉल नेशन यांनी 2006 मध्ये मांडलेल्या हिशोबानुसार मजकुरातले 98 टक्के शब्द ओळखीचे हवे असतील तर 8,000 ते 9,000 शब्दकुलं लागतात. ‘ग्लिमर’ (मिणमिणणं), ‘लूम’ (अंधुक, अवाढव्य रूपात समोर उभं ठाकणं), ‘पॉल्ट्री’ (paltry, क्षुल्लक) असे नेमके, रंगतदार शब्द या उतरंडीच्या तळाशी राहतात. एकदा भेटले की पुन्हा कधी भेटतील त्याचा नेम नाही, आणि तोवर आपण ते विसरलेलो असतो. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून 1885 मध्ये दाखवलं होतं की विसरण्याचा वेग सुरुवातीलाच सर्वांत जास्त असतो. तेव्हा असे शब्द मुद्दाम शिकावे लागतात.

कसे, तर आधी कान वापरून. ग्लिमर, ग्लिटर, ग्लीम, ग्लिंट, ग्लो, ग्लेअर : ‘ग्ल’ने सुरू होणाऱ्या कितीतरी इंग्रजी शब्दांत उजेड दडलेला आहे. ‘स्न’ नाकापाशी घुटमळतो : स्निफ, स्नीझ, स्नोअर, स्नाउट. अशा ध्वनिगटांना ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी 1930 मध्ये ‘फोनेस्थीम’ असं नाव दिलं. हा निव्वळ योगायोग असेल असं वाटू शकतं. पण बेंजामिन बर्गन यांच्या 2004 च्या प्रयोगात ‘ग्लिटर’ पाहिल्यावर लोकांनी ‘ग्लो’ अधिक झटकन ओळखला. नुसतं अर्थाचं किंवा नुसतं आवाजाचं साम्य असलेल्या जोड्यांमध्ये असा फायदा दिसला नाही. आवाज आणि अर्थ यांची अशी गाठ मेंदूतही बसलेली असते. लखलख, चकचक, झगमग यांत वाढलेल्या मराठी कानाला हे समजावून सांगायची गरज नसावी. (‘ग्लव्ह’ मात्र अजिबात चमकत नाही. हा कल आहे, कायदा नव्हे.)

छटा ओळखायचा दुसरा धागा इतिहासाचा. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि इंग्रजीत फ्रेंच शब्दांचा ओघ सुरू झाला. लॅटिनमधून थेट आलेले शब्द त्यावर आणखी एक थर होऊन बसले. म्हणून ‘विचारणं’ यासाठी तिथे ‘आस्क’ हा घरचा शब्द आहे, ‘क्वेश्चन’ फ्रेंच वाटेने आलेला आणि ‘इंटरॉगेट’ लॅटिन वळणाचा. मित्राला आस्क करतात, साक्षीदाराला क्वेश्चन, संशयिताला इंटरॉगेट. आपल्याकडेही नळाला पाणी येतं, ‘जल’ येत नाही. पण सरकारी खातं मात्र ‘जलसंपदा’ असतं. शब्दाचं कुळ कळलं की तो कुठे शोभेल याचा अंदाज बऱ्याचदा बांधता येतो.

आता एक इशारा. वर ‘ग्ल’ची यादी वाचून ती आज रात्रीच पाठ करायचा मोह झाला असेल, तर थांबा. थॉमस टिंकम यांनी 1993 मध्ये आणि रॉब वेअरिंग यांनी 1997 मध्ये तपासलं की एकाच अर्थगटातले नवे शब्द एकत्र शिकले तर काय होतं. सोपं जाण्याऐवजी ते अवघड गेलं. सारख्या अर्थाचे कोरे शब्द एकमेकांत गुंततात. ग्लीम कुठला आणि ग्लिंट कुठला, हेच सुचेनासं होतं. ‘व्हेरीऐवजी वापरा हे पन्नास शब्द’ छापाच्या याद्या माझ्या मते याच कारणाने वाया जातात. आज ‘ग्लिमर’ घ्या. तो अंगवळणी पडला की ‘ग्लेअर’, म्हणजे डोळे दिपवणारा झोत, आपसूक त्याच्या समोर उभा राहील.

एकेक शब्द रुजवायची जुनी, जरा हास्यास्पद वाटणारी युक्ती आहे : परक्या शब्दासारखा वाजणारा आपला शब्द शोधायचा आणि दोघांचं एक चित्र मनात रंगवायचं. रिचर्ड अ‍ॅटकिन्सन आणि मायकेल रॉ यांनी 1975 मध्ये इंग्रजी भाषकांना 120 रशियन शब्द शिकवले. ही युक्ती वापरणाऱ्यांना त्यांपैकी 72 टक्के आठवले, इतरांना 46 टक्के. आपण ‘पॉल्ट्री’ घेऊ. हा कोंबड्यांचा ‘पोल्ट्री’ नव्हे; याचा अर्थ क्षुल्लक, नगण्य. डबा पालथा केला आणि हातावर चारच दाणे पडले, असं चित्र डोळ्यांसमोर आणा. पालथा, पॉल्ट्री. चित्र जितकं चमत्कारिक तितकं ते चिकटतं, आणि ते स्वतःचं असावं. माझं चालेलच असं नाही.

चित्रानंतर येते परीक्षा. जेफ्री कार्पिकी आणि हेन्री रोडिगर यांनी 2008 मध्ये विद्यार्थ्यांना स्वाहिलीतले 40 शब्द दिले. एखादा शब्द एकदा बरोबर आठवला की त्यानंतर काहींनी तो नुसता वाचायचा, तर काहींनी पुन्हा पुन्हा आठवून सांगायचा. आठवड्याने आठवणाऱ्यांच्या डोक्यात सुमारे 80 टक्के शब्द होते, वाचणाऱ्यांच्या जेमतेम 35 टक्के. गंमत म्हणजे आपल्याला किती आठवेल याचा अंदाज दोन्हीकडच्यांनी जवळपास सारखाच वर्तवला होता, निम्म्याच्या आसपास. वाचताना ‘हो, हे येतंय की’ असं जे वाटतं, त्यावर विसंबू नये ते यासाठी. वही मिटा आणि डोकं खाजवा.

मग झोपा. निकोला द्युमे आणि गॅरेथ गॅस्केल यांनी 2007 मध्ये ‘कथीड्रूक’सारखे बनावट शब्द लोकांना शिकवले. रात्रीची झोप झाल्यावर हा शब्द मूळच्या ‘कथीड्रल’शी (मोठं चर्च) स्पर्धा करू लागला, म्हणजे ‘कथीड्रल’ ओळखायला किंचित जास्त वेळ लागू लागला. सकाळी शिकून दिवसभर जागे राहिलेल्यांत बारा तासांनीही हा परिणाम दिसला नाही. शब्दकोशात नवा भाडेकरू राहायला येतो तो बहुधा रात्री.

एवढं करूनही शब्द वापरताना फसगत होते ती सोबतीची. मराठीत पाऊस मुसळधार, थंडी कडाक्याची, ऊन रखरखीत. मुसळधार थंडी कधी पडत नाही. इंग्रजीतही पाऊस ‘हेवी’ आणि वारा ‘स्ट्राँग’. निराशा ‘बिटर’ असते, ‘सावर’ (आंबट) नव्हे. शब्द त्याच्या सोबत्यांवरून ओळखावा, असं फर्थ यांनीच 1957 मध्ये लिहिलं होतं. म्हणून वहीत एकटा ‘ग्लिमर’ लिहू नका, ‘ग्लिमर ऑफ होप’ लिहा. तिकडे आशा मिणमिणते, इकडे तिचा किरण येतो.

आणि नेमका शब्द म्हणजे लांबलचक शब्द, असा एक समज आहे. ग्लिमर, लूम, पॉल्ट्री यांतला एकही लांब नाही. डॅनियल ओपनहायमर यांनी 2006 मध्ये प्रयोगांतून दाखवलं की गरज नसताना पेरलेले जडजंबाल शब्द वाचकाला लेखक कमी हुशार वाटायला लावतात. त्यांना त्याबद्दल हसवून विचार करायला लावणारं ‘इग नोबेल’ पारितोषिक मिळालं. त्यांच्या शोधनिबंधाचं शीर्षक मात्र अशाच जडजंबाल शब्दांनी खच्चून भरलेलं होतं, अर्थात मुद्दामच.