पंप बंद पडला, रिपेअर केला, चालू केला. पण नेमकं गेलं काय होतं?

मेंटेनन्सच्या लॉगबुकात ही नोंद हमखास सापडते, "पंप बंद पडला, रिपेअर केला, चालू केला". आता या ओळीवरून वर्षभराने कोणाला काय कळणार? सील गेलं होतं का बेअरिंग, तो पार्ट बसवल्यापासून किती तास चालला होता, काढला तेव्हा घासलेला होता का तडकलेला, काहीच नाही. ब्रेकडाऊनमुळे प्लँटचं नुकसान तर होतंच, पण त्यातून मिळण्यासारखी एकमेव गोष्ट म्हणजे माहिती, आणि तीसुद्धा आपण अशी घालवतो याचं खरंच वाईट वाटतं.

कारण मशीनचे पार्ट कसे निकामी होतात याचं गणित आहे आणि ते चांगलं वापरात आहे. वालोडी वायबुल नावाच्या स्वीडिश इंजिनिअरने 1951 मध्ये एक पेपर लिहिला, त्यात त्याने एकच सूत्र पोलादाच्या ताकदीला, राखेच्या कणांना, भारतीय कापसाच्या तंतूंना आणि घेवड्याच्या दाण्यांनासुद्धा लावून दाखवलं! आज पार्टचं आयुष्य मोजायला जगभर तेच सूत्र वापरतात. त्यात दोन आकडे महत्त्वाचे. एक ईटा, म्हणजे ज्या वेळेपर्यंत साधारण 63 टक्के पार्ट गेलेले असतात तो काळ. आणि दुसरा बीटा, माझ्या मते सगळी गंमत या बीटामध्येच आहे. बीटा 1 पेक्षा जास्त असेल तर पार्ट वयाप्रमाणे झिजतोय, जितका जुना तितका धोका जास्त. बरोबर 1 असेल तर वयाचा काही संबंध नाही, नवा असो की जुना, जायची शक्यता तितकीच. आणि 1 पेक्षा कमी असेल तर उलटं, नवीन असतानाच धोका जास्त, सुरुवातीचे दिवस काढले की मग निवांत चालतो. असं बहुतेक वेळा फिटिंग चुकल्यामुळे, अलाइनमेंट नीट नसल्यामुळे किंवा पार्टच खराब आल्यामुळे होतं.

आता उदाहरण म्हणून एक सील घेऊ, ईटा 8000 तास, बीटा 0.5. नवीन बसवलं तर पहिल्या 100 तासांत ते जायची शक्यता साडेदहा टक्क्यांच्या आसपास येते. तेच सील 4000 तास व्यवस्थित चाललेलं असेल तर पुढच्या 100 तासांत जायची शक्यता 1 टक्क्यापेक्षाही कमी. म्हणजे शटडाऊनमध्ये "चला आलोच आहोत तर सील पण बदलून टाकू" म्हणून चांगलं चाललेलं सील काढून नवीन टाकलं, तर आपणच आपल्या हाताने धोका दहापट वाढवला, आणि स्पेअरचा खर्च झाला तो वेगळाच. हेच बीटा 3 असतं तर गोष्ट वेगळी, मग 4000 तासांपर्यंत 88 टक्के सील टिकतात आणि 6000 पर्यंत साधारण 66 टक्केच, तेव्हा ठरवून आधीच बदलण्यात अर्थ आहे, अर्थात अचानक बंद पडण्याचा खर्च ठरवून बदलण्यापेक्षा बराच जास्त असेल तरच.

बरेच जण म्हणतील की जुनं झालं की बिघडणारच, यात गणित कशाला. विमान कंपन्याही आधी असंच धरून चालायच्या. पण युनायटेड एअरलाइन्सच्या स्टॅनली नोलन आणि हॉवर्ड हीप यांचा अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी केलेला 1978 चा रिपोर्ट आला, त्यात विमानाच्या पार्टपैकी फक्त 11 टक्क्यांमध्ये वयाबरोबर धोका वाढताना दिसला, बाकी 89 टक्क्यांना ठरावीक तासांनी ओव्हरहॉल करून काही फायदा नव्हता. हे आकडे विमानांचे आहेत, ते जसेच्या तसे आपल्या कंप्रेसरला लावायचे नाहीत. पण "दर सहा महिन्यांनी सगळं खोला" हे शेड्यूल कशाच्या आधारावर बनवलंय हा प्रश्न प्रत्येक प्लँटमध्ये विचारायलाच पाहिजे.

डेटा जमवताना दोन ठिकाणी हमखास गडबड होते. पहिली म्हणजे न बिघडलेले पार्ट मोजायचेच राहतात. समजा सहा पंप आहेत, चारांचं बेअरिंग गेलं आणि दोघांचं अजून चालू आहे, तर आपण फक्त त्या चारांची सरासरी काढतो आणि बेअरिंगचं आयुष्य आहे त्यापेक्षा कमी दिसतं, खरं तर त्या दोन पंपांचे आजपर्यंतचे तासही हिशोबात यायला हवेत, वायबुलच्या पद्धतीत त्याची सोय आहे. दुसरी गडबड म्हणजे सगळे बिघाड एकत्र करणं. सील झिजून गेलं, कपलिंग अलाइनमेंटमुळे तुटलं, मोटर ओव्हरलोडने ट्रिप झाली, हे सगळं "पंप फेल" म्हणून एकाच आकड्यात टाकलं की बीटा 1 च्या जवळपास येऊन बसतो आणि आपण म्हणतो काय करणार, बिघाड कधीही होतात. वेगळे केले की प्रत्येकाचा स्वभाव वेगळा दिसतो. तशीच ती एमटीबीएफ नावाची सरासरी, म्हणजे दोन बिघाडांमधला सरासरी काळ, 8000 तास म्हटलं की लोकांना वाटतं तोपर्यंत काळजी नाही, पण बीटा 1 असेल तर 8000 तासांपर्यंत जेमतेम 37 टक्केच पोचतात.

मग बीटा 1 निघाला तर काय करायचं? बदलून उपयोग नाही, लक्ष ठेवायचं. बेअरिंग एकदम जात नाही, आधी व्हायब्रेशन वाढतं, मग आवाज येतो, मग गरम होतं. व्हायब्रेशन वाढल्यापासून बंद पडेपर्यंत किमान दोन महिने जात असतील तर रीडिंग निदान महिन्याला एकदा घ्यावं, म्हणजे एखादं रीडिंग त्या काळात नक्की सापडतं आणि स्पेअर मागवायलाही वेळ मिळतो. हे दोन महिने आहेत का दोन आठवडे, तेही जुन्या नोंदींवरूनच कळतं, म्हणून फिटरने पार्ट काढला की काय काढलं, कसं दिसत होतं आणि किती तास चाललं एवढं तरी तिथल्या तिथे लिहावं, आणि ते लिहायला त्याला शिफ्टमध्ये दहा मिनिटं द्यावीत.