गाल बसणे आणि अंग खंगणे
ऊसतोडीचा हंगाम आटोपून बीड जिल्ह्यातल्या गावी परतलेल्या माणसाची गालफडे बसलेली दिसली, की ‘रोगानं खाल्लं’ असे लोक म्हणतात. त्या माणसाला एचआयव्ही असेल, तर या दिसण्यामागे दोन अगदी वेगळी कारणे असू शकतात आणि त्यांची गल्लत झाली तर उपचार चुकतो.

खंगण्यात सबंध शरीर झिजते. चरबीबरोबर स्नायूही जातात, वजन घटते आणि नेहमीचे काम झेपेनासे होते. त्यामागे आटोक्यात न आलेला विषाणू, लांबलेले जुलाब किंवा क्षयरोग असतो. म्हणून आधी क्षयाची आणि व्हायरल लोडची, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाची, तपासणी हवी, कारण मूळ आजारावर औषध सुरू झाल्याखेरीज नुसत्या खुराकाने अंग भरत नाही.

चेहऱ्याची चरबी झडणे, ज्याला डॉक्टर लायपोअ‍ॅट्रॉफी म्हणतात, ते निराळे. येथे वजन फारसे हलत नाही, स्नायूंत जोर असतो, विषाणूही दबलेला असू शकतो. मात्र गाल व कानशिले खोल जातात आणि हातापायांच्या शिरा वर दिसू लागतात. हा मुख्यतः स्टॅव्ह्युडीन आणि काही प्रमाणात झिडोव्ह्युडीन या जुन्या औषधांचा परिणाम आहे, कारण ती चरबीच्या पेशींतील ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियांना इजा करतात. भारतात २००४ साली मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधे, सुरू झाली तेव्हा स्टॅव्ह्युडीन सर्रास दिले जाई. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ते टप्प्याटप्प्याने बंद करण्यास सांगितले. टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडीन आणि डोल्युटेग्राव्हिर या आजच्या गोळीने असे सहसा होत नाही, त्यामुळे हा प्रश्न प्रामुख्याने जुन्या रुग्णांचा आहे.

औषध बदलल्यावर झीज थांबते, पण गेलेली चरबी फार सावकाश आणि बहुधा अर्धवटच परत येते. तूप-शेंगदाणे वाढवून गाल भरत नाहीत, पोट मात्र सुटते. पॉली-एल-लॅक्टिक आम्लाची इंजेक्शने एचआयव्ही रुग्णांचे बसलेले गाल भरण्यासाठी अमेरिकेत २००४ मध्ये मान्य झाली. त्यांनी त्वचेखाली कोलॅजन हे आधार देणारे प्रथिन वाढते, मात्र अनेक वेळा टोचावे लागते, परिणाम कायम टिकत नाही आणि खर्च मोठा असतो. तरीही या उपचाराला नटवेपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला असला, तरी लहान गावात बसलेले गाल पाहूनच लोक तर्क बांधतात आणि त्या धास्तीने कोणी गोळ्याच सोडल्या, तर दबलेला विषाणू पुन्हा उसळतो.

काही जणांत दोन्ही गोष्टी एकत्र असतात. म्हणून आरशापेक्षा एआरटी केंद्रात दर भेटीला नोंदवलेले वजन अधिक उपयोगी पडते: आकडा स्थिर असेल तर गोळ्या चालू ठेवून त्या बदलण्याविषयी डॉक्टरांना विचारावे, आणि तो घसरत असेल तर पुढच्या तारखेची वाट न पाहता केंद्र गाठावे.